एकदा वाजवलं की चालू

तो आईला न्यायला आला होता, एवढंच. ह्यात भिण्यासारखं काय आहे, सांगा. लोक आईला न्यायला जातात, सामान बांधतात, शेजारी किल्ली ठेवतात आणि निघतात. त्यानेही तसंच ठरवलं होतं. आज पोचायचं, उद्या निघायचं, परवा कामावर हजर. पण आपला बेत म्हाताऱ्या माणसांनी मुकाट्याने ऐकून घेतला, असं कुठल्या घरात झालंय?

"येते की," आई म्हणाली. "नाही कुठे म्हणतेय? पण जीपमधून येईन."

"कुठल्या जीपमधून?"

"कुठल्या म्हणजे? आपल्याकडे काय जीपांचा तबेला आहे?"

जीप मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. हिरवी, चौकोनी, नाकाडावर पोपडे आलेली. बाबा गेले त्या थंडीपासून तिला कोणी हात लावला नव्हता. चाकांत हवा नव्हती, सीटवर मांजर व्यायलं होतं आणि आरशावर कोळ्याने चांगला ऐसपैस संसार थाटला होता.

त्याने आईला परोपरीने समजावलं. गाडी बोलावतो, झोपून जाता येईल अशी मोठी गाडी बोलावतो. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की ह्यांचं हृदय थकलंय, एक झटका येऊन गेलाय, दुसरा येईल तेव्हा दवाखाना हाकेवर पाहिजे. इथून दवाखाना म्हणजे डोंगर उतरून, नदी ओलांडून, पलीकडच्या गावात. पहिल्या वेळी दूधवाला योगायोगाने दारात आला म्हणून निभावलं. योगायोग काय रोज दूध घालायला येतो?

आईने सगळं ऐकलं. भाजी निवडता निवडता ऐकलं. मग म्हणाली, "ती इथे गंजत पडणार आणि मी तुझ्या घरी गादीवर लोळणार? ह्यांना काय तोंड दाखवू? ती चालू कर, मी येते. नाही झाली, तर मी इथेच बरी."

झालं. आईने एकदा असं म्हटलं की आकाश खाली आलं तरी शब्द फिरायचा नाही. तेव्हा त्याने शर्ट काढून खुंटीला अडकवला, बाबांची हत्यारांची पेटी उचलली आणि तो शेडमध्ये गेला.

आता तो होता लिफ्ट दुरुस्त करणारा. तारा, रिले, फ्यूज, ह्यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण इंजिन म्हटलं की त्याची बोंब. बाबा त्याला चिडवायचे, "आमचे चिरंजीव माणसं वर-खाली करतात. पुढे नेणं त्यांना जमत नाही." बाबांना अख्खं गाव उस्ताद म्हणायचं. ती जीप घेऊन त्यांनी जन्मभर डोंगरावरच्या कच्च्या रस्त्याने माणसं पोचवली. मोजणीवाले, लाकूडवाले, आजारी, बाळंतिणी. आणि ती जीप दुरुस्तीला दुसऱ्या कोणाच्या हातात म्हणून दिली नाही.

म्हणजे अगदी एकट्याने केली असंही नाही. चावीवर आई असायची.

त्या दोघांची एक पद्धत होती, ती आधी सांगायला हवी. जीपचं बॉनेट वर केलं की चावीवर बसलेल्याला पुढचं काही दिसत नाही. काचेसमोर नुसता हिरवा पत्रा. पुढे माणूस इंजिनात हात घालून उभा आहे की चहा प्यायला गेलाय, काही कळायला मार्ग नाही. शिवाय इंजिनाच्या घरघरीत बाबांचा एक कान गेलेला, आणि ओरडायचा त्यांना मनस्वी कंटाळा. म्हणून ते पान्याने मडगार्डवर वाजवायचे. एकदा वाजवलं की चालू. दोनदा वाजवलं की बंद. बाकी बोलणं नाही.

"लग्न होऊन आले तेव्हा आधी मला चावी शिकवली," आई सांगायची, "मग घर दाखवलं." शेंगा सोलत, विणत, कधी त्यालाच मांडीवर घेऊन ती चावीवर बसायची. टक् झालं की चालू. टक् टक् झालं की बंद. इतक्या वर्षांत ती कधी चुकली नाही, ह्याचा तिला भारी तोरा. लहानपणी तो झोपायला लागला की शेडमधून हे टक् आणि टक् टक् यायचं, आणि मधल्या वेळात बाबांच्या लवंगेचा वास. दाढ दुखो न दुखो, त्यांच्या गालात लवंग असायचीच.

तर त्याने मांजराला पिल्लांसकट हलवलं, चाकांत हवा भरली, गावातून एक बॅटरी मागून आणली आणि जीपला जोडली. आई शाल गुंडाळून चावीवर येऊन बसलीच.

"तू कशाला? थंडी बघ किती आहे."

"मग चावी कोण फिरवणार? तुझी लिफ्ट?"

त्याने पान्याने मडगार्डवर वाजवलं. टक्. आईने चावी फिरवली. आतून कट्कट् असा केविलवाणा आवाज आला आणि दिवे मंदावले. हे मात्र त्याच्या ओळखीचं होतं. लिफ्टमध्येसुद्धा असंच होतं. करंट जायला वाट असते, परत यायला नसते. इंजिनापासून चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडणारी अर्थिंगची पट्टी त्याने शोधून काढली. हिरवट बुरशी चढून तिचा पार चोथा झाला होता. पट्टी सोडवली, पॉलिश पेपरने लखलखीत घासली, परत आवळली. मनातल्या मनात पाठही थोपटून घेतली.

मग तो पंख्याचा पट्टा ताणून बघायला वाकला आणि हातातला पाना त्याने जरा बाजूला ठेवला. मडगार्डवर.

घर्रर्र करून इंजिन फिरलं. पंख्याचं पातं त्याच्या बोटांना वारा घालून गेलं. तो मागे कोलमडला, शेल्फवरचे डबे धडाधड खाली आले.

"आई! बोटं गेली असती माझी! मी वाजवलं नव्हतं!"

"वाजवलंस की. एकदा."

"पाना ठेवला मी!"

"मडगार्डवर?" आईचा आवाज चढला. "अरे, ह्यांनी जन्मभर सांगितलं ना, हत्यार मडगार्डवर ठेवायचं नाही! खाली पोत्यावर ठेवायचं. ते पोतं कशाला पसरलंय तिथे, शोभेला?"

चूक त्याचीच होती. खरंच खाली पोतं होतं, तेलकट, बाबांचंच. त्याने निमूटपणे सगळी हत्यारं मोजून पोत्यावर मांडली आणि कानाला खडा लावला.

इंजिन आता जोरात फिरत होतं, पण धरत नव्हतं. नुसतंच खर्रर्र, खर्रर्र. जुनं पेट्रोल नासून त्याला वार्निशसारखा वास येत होता. ते काढून ताजं भरलं. कार्बोरेटर साफ केला. पंपाची कळ हाताने हलवून पेट्रोल वर आलेलं डोळ्यांनी पाहिलं. मग एक प्लग काढून त्याचं टोक इंजिनाला टेकवून बघितलं. ठिणगी नाही. म्हणजे रोग इथे होता. ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलला करंट येतोय का, हे बघायला त्याने टेस्टरचा दिवा लावला. दिवा लागला. पुढे त्या काळ्या डब्याकडे जायचं, डिस्ट्रिब्युटरकडे, जो चारही प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटतो.

डब्याच्या दोन क्लिपा उघडायला तो वाकला, आणि इंजिन पुन्हा फिरलं.

ह्या वेळी हात दूर होता. 

"आई!"

"काय आई आई? वाजवलंस म्हणून फिरवली!"

त्याने खाली पाहिलं. पाने पोत्यावर होते. सगळेच्या सगळे, तोंडं एका दिशेला करून. त्याच्या हातात नुसता कपड्याचा बोळा. ऐकू तर त्यालाही आलं होतं. आत्ता आठवलं, हो, टक् असं झालं होतं, त्याच्या डाव्या हाताला, पलीकडच्या मडगार्डवर.

"पत्रा असेल," तो पुटपुटला. "उन्हाने तापलेला, आता निवतोय. तडतडणारच."

दिवसभर धुकं होतं. ऊन पडलंच नव्हतं.

 बॉनेटच्या पत्र्याआड तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता. जरा वेळाने तिचा आवाज आला, अगदी हळू, "लवंगेचा वास येतोय का रे तुला?"

त्याने नाही म्हणून सांगितलं. येत होता.

त्याने झाकण काढून बघितलं. आणि मग कपाळाला हात लावून तिथेच मटकन बसला. डब्याच्या मधोमध एक दांडी असते, तिच्यावर रोटर बसतो. अंगठ्याएवढा, काळा, माथ्यावर पितळी पट्टी असलेला तुकडा. तो गरगर फिरतो तेव्हा ठिणगी वाटली जाते. तो नसेल तर गाडी म्हणजे लोखंडाचा ढीग. ढकला, ओढा, शिव्या घाला, धरणार नाही. दांडी तिथे होती. रोटर नव्हता.

"अगं, रोटरच नाही!"

"नसणारच," आई चावीवरूनच म्हणाली. "ते काढून ठेवतात ना."

हेही खरं. बाबांची आणखी एक खोड. गाडी कुठेही लावली, अगदी स्वतःच्या शेडमध्ये लावली, तरी रोटर काढायचा आणि जाकिटाच्या खिशात टाकायचा. "चावी काय, कोणीही बनवून घेईल. चोराने आधी माझ्या खिशात हात घालावा," म्हणायचे. गावात ह्यावरून केवढी चेष्टा व्हायची! लग्नकार्यात पंगतीला बसले तरी उस्तादांचा खिसा फुगलेला.

"मग आता कुठे आहे?"

आईने चावीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मग आई सांगायला लागली. त्याला ती हकिगत ठाऊक होती, पण तिच्या तोंडून अशी सरळ कधी ऐकली नव्हती.

"त्या दिवशी कार्बोरेटर लावत होते. एकदा वाजवलं, मी चालू केली. काय सुरेख चालली रे... सतारीसारखी. मग दोनदा वाजवलं. मी बंद केली. म्हटलं, झालं वाटतं मनासारखं. म्हटलं, अहो, पानं वाढू का? उत्तर नाही. कान गेलेला, ऐकलं नसेल म्हणून जरा वेळ विणत बसले. मग उतरून पुढे गेले, तर चाकाला टेकून बसलेले. डब्याचं झाकण नीट लावलेलं, क्लिपा लावलेल्या, रोटर खिशात. काम अर्धं टाकून जाणारा माणूसच नव्हता तो." तिने शाल सारखी केली. "ते जाकीट त्यांच्या अंगावरून मी काढू दिलं नाही. आवडतं होतं. तसंच पाठवलं त्यांना."

म्हणजे रोटर बाबांबरोबर गेला होता. जिथे ते गेले तिथे.

संध्याकाळ झाली होती. त्याने बॅटरीची तार सोडली, आईला हाताला धरून घरात आणलं. दोघं जेवायला बसली, दोघांनाही जेवण गेलं नाही. आईची पत्र्याची ट्रंक दाराशी बांधून तयार होती, वर दोरी आवळलेली. एवढी तयारी करून ही बाई माझ्यापायी इथेच मरणार, असं त्याच्या मनात आलं आणि भांडी विसळता विसळता त्याला रडू फुटलं. नळाचा आवाज होता म्हणून बरं.

त्याने नळ बंद केला. शेडमधून आवाज आला.

टक्.

आई पाटावरून उठली. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, पण लगेच. हाक मारल्यावर माणूस उठतो तशी.

"कुठे चाललीस?"

"बोलावतायत ना..."

"आई... बस खाली. मांजर असेल."

"मांजराच्या हातात पाना असतो का रे?" ती म्हणाली. चिडून नाही, लहान मुलाला समजवावं तसं. त्याने तिला दोन्ही खांद्यांना धरून बसवलं. ती बसली, पण तिचा उजवा हात मांडीवर होता आणि चिमटीत चावी धरल्यासारखी बोटं एकदा फिरली. त्या रात्री त्याने दाराला दोन्ही कड्या लावल्या.

सकाळी तो पार्टवाल्याकडे गेला. पार्टवाला म्हणजे बाबांचा जिवाभावाचा सोबती. त्याच्या दुकानात पट्टे आणि सायलेन्सर अशा थाटात लटकलेले असत की गिऱ्हाइकाला डोकं वाकवूनच आत यावं लागे.

"उस्तादचा रोटर?" पार्टवाला चष्मा कपाळावर सरकवत म्हणाला. "अरे लिफ्टवाल्या, त्या जीपच्या आज्यापणज्यासुद्धा आता मिळत नाहीत. दुसऱ्या गाडीचा आहे एक. घासून बघ. बसायचा नाही म्हणा."

"बसवायलाच हवा काका. आईचा हट्ट आहे."

पार्टवाल्याने खोकं शोधलं, फुंकर मारली आणि हातात दिलं. पण सोडलं नाही लगेच. "एक विचारू? तुमच्या शेडमध्ये... कोणी काम करतं का रे?"

"नाही. का?"

"काही नाही. संध्याकाळचा त्या वाटेने फिरायला जायचो मी. गेले दोन-तीन महिने नाही जात." त्याने चष्मा परत नाकावर घेतला. "वहिनींना घेऊन जा बाबा तू. कशीही घेऊन जा."

धुकं आज कालच्यापेक्षाही दाट होतं. शेडचं दार त्याने कोयंड्याला अडकवून ठेवलं होतं, ते तसंच होतं. तो रोटर बसला नाही. कानशीने घासला, खालून कोरला, सुरीने तासला, वर कापड गुंडाळून दाबला. दुपारपर्यंत त्याच्या हाताची सालपटं निघाली. शेवटी दाबता दाबता रोटरचे दोन तुकडे झाले. त्याने ते खिशात टाकले, रिकाम्या डब्यावर झाकण ठेवलं, दोन्ही क्लिपा लावल्या. बॅटरीची तार जोडली, ती मात्र कशाला जोडली, ते त्याला आजही सांगता येत नाही. सवयीने, दुसरं काय. बॉनेट वरच होतं.

आई येऊन चावीवर बसली होती. पायाशी ट्रंक. त्याने ती इथे आणली नव्हती, आणि आईला तर पाण्याची कळशी उचलायला बंदी.

"ही कोणी आणली इथे?"

"झालं का तुझं?" आई म्हणाली.

तो तिच्या बाजूला येऊन उभा राहिला, उघड्या दारापाशी. आईचा हात हातात घेतला. थंडगार होता, ओठ निळसर. काल रात्री तिला धाप लागली होती, ते तिने सांगितलं नव्हतं, पण त्याला भिंतीपलीकडून ऐकू आलं होतं.

"नाही झालं आई. नाही जमलं मला. मी हरलो. आता तू हट्ट सोड, तुझ्या पाया पडतो. मला एकटीच आहेस तू. रोटर नसताना गाडी कशी धरेल, सांग? त्यात नुसती दांडी आहे. बाबा आले तरी..."

टक्.

बॉनेटच्या पलीकडून आला. अगदी स्वच्छ, पान्याचा मडगार्डवर. ती दोघं इथे होती. हिरव्या पत्र्यापलीकडे कोणी नव्हतं. निदान नसायला हवं होतं.

लवंगेचा वास एकदम भपकन आला.

"आई, नको..." तो म्हणाला. पण ते पुरं व्हायच्या आत तिने चावी फिरवली होती. तिने कधी वेळ लावलाच नव्हता.

आणि गाडीने धरलं.

एका फटक्यात धरलं. धूर नाही, आचका नाही. सतारीसारखी चालली. शेडचे पत्रे थरथरले, मांजर पिल्लू तोंडात धरून पळालं, आणि आईच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं, पण चेहरा असा उजळला होता, लहानपणी त्याने बघितला होता तसा. "बघ," ती म्हणाली. "बघ, जमलं की नाही."

 पुढे जाऊन बॉनेट पाडायचं होतं. बॉनेट वर ठेवून गाडी चालवता येत नाही. त्याने डोळे मिटले, हाताने चाचपत मडगार्ड धरला, बॉनेटची कड पकडली. ती जरा हलकी लागली, पलीकडून कोणी हात दिल्यासारखी. कड्या लावल्या आणि डोळे न उघडताच मागे आला. खरं सांगा, तुम्ही उघडले असते?

आईला बाजूच्या सीटवर सरकवून तो बसला. घराला कुलूप लावलं होतं की नाही, तेही आठवत नव्हतं. जीप डोंगर उतरली, नदी ओलांडली. त्याने वाटेत कुठेही गाडी थांबवली नाही, पेट्रोलचा काटा बघितला नाही. आई जुन्या गोष्टी सांगत होती. कुठल्या वळणावर बाळंतीण गाडीतच मोकळी झाली, कुठल्या ओढ्यात रात्र काढली आणि ह्यांनी माझ्या अंगावर स्वतःचं जाकीट घातलं. तो इतका हसला वाटेत, की भीती विसरला. इतकं ती दोघं कित्येक वर्षांत बोलली नव्हती. मध्येच ती गप्प झाली की तोच विचारायचा, मग पुढे?

दिवे लागायच्या सुमाराला ती दोघं त्याच्या इमारतीखाली पोचली. इंजिन चालूच होतं. चावीला हात लावायची त्याला छाती होईना.

"थांब," आई म्हणाली. "सांगतील."

रहदारीच्या आवाजातही ते लख्ख ऐकू आलं. टक् टक्.

त्याच्या आधी आईचा हात पुढे झाला. चावी फिरली. इंजिन बंद. त्या शांततेत बॉनेटखाली काहीतरी हललं, क्लिप उघडल्याचा कट् असा बारीक आवाज, मग दुसरा.

आईला वर पोचवून तो खाली आला, शेजाऱ्याला सोबत घेऊन. एकट्याने यायची हिंमत नव्हती, हे कबूल करायला हवं. बॉनेट उघडलं. डिस्ट्रिब्युटरच्या दोन्ही क्लिपा उघड्या होत्या, झाकण नुसतं वर टेकवलेलं. त्याने ते उचललं. आत रोटर नव्हता. नुसती दांडी. तिला हात लावून बघितला, तर चटका बसला.

गाडी लावली की ते रोटर काढून घेतात. म्हणजे आता खिशात असणार.

ह्या गोष्टीला बरेच महिने झाले. दवाखाना समोरच्या गल्लीत आहे. आईची तब्येत इतकी सुधारली की डॉक्टरांनाच नवल वाटतं. ती चालते, खाते, शेजारणींना जीपच्या गोष्टी सांगते, त्याला लिफ्टवरून चिडवते, अगदी बाबांच्या शब्दांत. जीप खाली उभी आहे. ती पुन्हा चालू करायची खटपट त्याने केली नाही.

फक्त पहाटे, आई उठायच्या आधी, तिच्या पलंगाखालच्या ट्रंकेवर वाजतं. टक्. मग आईचा श्वास ऐकू येतो, मोठा, पहिला श्वास घ्यावा तसा, आणि ती उठून बसते.

पहिले काही दिवस त्याने मनाची समजूत घातली. मग एकदा ती समोरच्या दवाखान्यात गेली असताना ट्रंक काढून गच्चीवर नेऊन टाकली. दुसऱ्या पहाटे तिच्या खोलीतून आवाज आला. पत्र्याचाच.

त्या दिवशी चहा पिताना त्याने विचारून टाकलं. कपाकडे बघत विचारलं.

"आई... दोनदा वाजलं तर?"

"तर काय?" आई म्हणाली. तिला प्रश्नच समजला नाही. "दोनदा वाजलं की बंद करायचं." मग त्याचा चेहरा बघून तिने हसून त्याच्या केसांतून हात फिरवला. "अरे वेड्या, इतक्या वर्षांत कधी चुकले का मी?"

तेव्हापासून उजाडायच्या आधी तो जागा असतो. पलीकडच्या खोलीत एकदा वाजतं. आणि मग तो श्वास धरून पडून राहतो, दुसऱ्यांदा वाजत नाही ना, हे ऐकत.